पाच उपाशी मशिनं आणि दोन टोप्या

किस्से कुणाजवळ साठतात, माहीत आहे? जो बोलत नाही त्याच्याजवळ! बोलकी माणसं किस्सा घडला की सांगून मोकळी होतात आणि आठवड्याने विचारलं तर म्हणतात, "कुठला गं किस्सा?" मी चारचौघांत तोंड उघडत नाही, त्यामुळे ऐकलेलं आणि पाहिलेलं सगळं माझ्याजवळ जसंच्या तसं शिल्लक राहतं. वर्गातल्या मैत्रिणींना वाटतं, हिच्याकडे सांगण्यासारखं काही नसणार. आहे, भरपूर आहे. आजवर कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

माझी आई मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. सगळे तिला गायकवाडबाई म्हणतात. आम्ही खालापूरला राहतो, घरात आई आणि मी दोघीच. माझी शाळा मोहोपाड्यात, पण दुपारची. म्हणून सकाळी आईबरोबर कंपनीच्या बसने यायचं आणि शाळेची वेळ होईपर्यंत कॉम्प्युटर सेक्शनच्या बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसून अभ्यास करायचा. ऑफिसची इमारत प्लांटच्या गेटबाहेर आहे, त्यामुळे वॉचमन अडवत नाही. बाहेरची खोली आणि आतली एसी खोली यांच्यामध्ये मोठी काच आहे. अभ्यास किती होतो ते विचारू नका, पण काचेतून दिसतं छान!

आत एक मोठं मशीन आहे, त्याला सर्व्हर म्हणतात. आणि टाइम ऑफिस, स्टोअर, अकाउंट्स, जनरल मॅनेजरांची केबिन आणि आईचं टेबल, अशा पाच ठिकाणी पाच लहान मशिनं. या पाचांची गंमत अशी की त्यांच्या पोटात डिस्कच नाही! सकाळी बटण दाबलं की मशीन काळ्या वायरीतून सर्व्हरकडे मागणी करतं, आणि सर्व्हर त्याला कामाला लागण्यासाठी जे जे हवं ते सगळं एकगठ्ठा पाठवून देतो. त्या गठ्ठ्याला 'इमेज' म्हणतात, आणि मशीन असं सुरू करण्याला 'बूट करणं'. इमेज येत असताना स्क्रीनवर टिंबं उमटत जातात. टिंबं मध्येच थांबली की समजायचं, आज सकाळ वाया!

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. सेक्शनचे शिपाई धोंडूदादा यांनी सांगितलं. ते मूळचे पोशीरचे. आठवडाभर बहिणीकडे राहतात आणि रविवारी गावी जाऊन भाताच्या खाचरात उतरतात.

"लेकरू उठलं की आयकडं भाकरी मागतं का नाय? तसं हाय ते," ते म्हणाले. "सर्व्हर म्हंजी आय. इमेज म्हंजी भाकरी. आनि भाकरी नाय मिळाली की पाची लेकरं भोंगा काढतात. तो भोंगा म्हंजी ह्यो टेलिफोन!"

तेवढ्यात टेलिफोन वाजलाच.

सेक्शनचे मुख्य साठेसाहेब कर्जतचे. हुशार आहेत, पण कुठलंही वाक्य 'लॉजिकली' म्हटल्याशिवाय त्यांना सुरू करता येत नाही. त्यांनीच मुंबईच्या ऑफिसला पटवून ही मशिनं इथे आणली. मुंबईने मात्र एक अट घातली होती. दसरा झाला की डायरेक्टरसाहेब स्वतः येतील, पाचही मशिनं आपल्या डोळ्यांसमोर सुरू होताना पाहतील. झाली तर सेक्शन राहील. नाहीतर सगळं सामान मुंबईला, आणि सामानाबरोबर आईही मुंबईच्या ऑफिसात.

तसं झालं तर मी दहावीला कर्जतला मावशीकडे राहायचं आणि आई रविवारी भेटायला येणार, असं घरी ठरून गेलं होतं. आईने ते भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. मी 'बरं' म्हटलं होतं. पण त्या दिवसापासून ती टिंबं माझीसुद्धा झाली!

*

सुरुवातीचा किस्सा टाइम ऑफिसच्या पाटीलकाकांचा. वय पन्नाशीच्या पुढे, हजेरीच्या कामात एकदम पक्के. पण मशीन नवं.

एसी खोलीच्या दारावर साठेसाहेबांनी मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती, 'बूट-चपला बाहेर काढाव्यात.' धूळ आत जाऊ नये म्हणून. पाटीलकाकांना ती पाटी पाठ होती.

एके सकाळी त्यांचा फोन आला, "साहेब, मशीन उठंना!"

साठेसाहेब घाईत होते. "बूट केलंत का?"

पलीकडे खाली पायांकडे बघितलं गेलं असावं. मग पाटीलकाका म्हणाले, "नाय साहेब. मी चपलाच घालतो."

साठेसाहेबांनी फोन आईच्या हातात दिला आणि ते पाणी प्यायला बाहेर गेले.

*

मशिनं ज्या कंपनीकडून घेतली तिचा इंजिनियर मुंबईहून यायचा. नाव मेनन. पांढरा शर्ट, टाय आणि हातात एवढी मोठी ब्रीफकेस. ती उघडली की आत मखमलीच्या खाचांत पक्कडी, मीटर, स्क्रू ड्रायव्हर, सगळं दागिन्यांसारखं मांडलेलं!

एकदा स्टोअरचं मशीन रोजच रुसायला लागलं. कधी टिंबं येत, कधी येत नसत. मेनन आला, त्याने मीटर लावला, वायर बदलली, डोकं खाजवलं.

आई काचेतून माझ्याकडे बघत होती. म्हणजे माझ्या पायांकडे. माझ्या पायात चांदीचे पैंजण होते.

"मेननसाहेब," आई म्हणाली, "पैंजण काळे पडलेत."

"पैंजन का क्या मतलब, मॅडम?"

"वारा प्लांटकडून आहे की चांदी काळी पडते. जी हवा चांदीला लागते, तीच मशीनच्या आत वायर जिथे जोडतात त्या कार्डाला लागते. स्टोअरची खिडकी तिकडेच उघडते. कार्ड काढून बघा."

मेनन हसला. पण त्याने कार्ड काढलं. कार्डाच्या कडेला जे पिवळे चकचकीत दात असतात, ते काळपट पडले होते. आता ते घासायचे कशाने? खोडरबराने, हे मेननला माहीत होतं. पण त्या एवढ्या मोठ्या ब्रीफकेसमध्ये खोडरबर नव्हता!

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कंपासपेटीत वासाचा गुलाबी खोडरबर होता, वाढदिवसाला मिळालेला, मी अजून वापरलाही नव्हता. मी तो मुकाट्याने पुढे केला. मेननने कार्ड घासलं, परत बसवलं, आणि टिंबं धावत सुटली!

साठेसाहेबांनी मशीनच्या मागे नाक नेऊन वास घेतला आणि म्हणाले, "लॉजिकली, स्ट्रॉबेरी!"

त्यानंतर मेनन जेव्हा जेव्हा येई तेव्हा ब्रीफकेस उघडायच्या आधी एकदा माझ्या पायांकडे बघून घेई.

*

स्टोअरलाही एक पाटीलच आहेत. टाइम ऑफिसच्या पाटलांचं गाव आणि स्टोअरच्या पाटलांचं गाव शेजारी शेजारी. दोघांचं जुनं वाकडं, कबड्डीच्या एका सामन्यावरून म्हणे. ते दोघे बसमध्येसुद्धा एका बाजूला बसत नाहीत.

मध्ये मशिनांच्या कार्डांची अदलाबदल झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून नवीनच प्रकार सुरू झाला. टाइम ऑफिसचं मशीन चालू असेल तर स्टोअरचं उठेना. स्टोअरचं उठलं की टाइम ऑफिसचं आडवं!

"त्यानी मुद्दाम केलंय," स्टोअरचे पाटील म्हणाले. "त्याला सांगा, बंद कर. मग माझं चालतंय बघा."

"सामना हरला तवाबी असाच बोलत होता," टाइम ऑफिसचे पाटील फोनवरून म्हणाले.

शेवटी साठेसाहेबांनी ठरवून दिलं, सकाळी एका पाटलांनी काम करायचं, दुपारी दुसऱ्यांनी. लॉजिकली ते बरोबर होतं, पण सकाळचे पाटील दुपारी मशीन बंद करायला विसरत. मग दुपारचे पाटील स्वतः जाऊन त्यांचं बटण दाबत. मग आरडाओरडा.

मेननने येऊन दोन्ही मशिनं उघडली आणि कपाळावर हात मारला. प्रत्येक मशीनच्या कार्डाला वेगळा नंबर द्यावा लागतो. सर्व्हर त्या नंबरावरून ओळखतो, इमेज कुणाला पाठवायची ते. मेननच्या हाताखालच्या माणसाने दोन्ही ठिकाणी 'पाटील' असं ऐकलं. त्याला वाटलं, माणूस एकच आहे. त्याने दोन्ही कार्डांना एकच नंबर दिला!

"दो पाटील, एक नंबर," मेनन म्हणाला. "सर्व्हर बेचारा क्या करेगा?"

दारात चहाचा ट्रे घेऊन धोंडूदादा उभे होते. ते म्हणाले, "सर्व्हरचं सोडा वो, कबड्डीच्या वक्ताला त्या दोघांच्या मधी उभं ऱ्हाऊन सरपंचाचं काय झालं ते इचारा!"

*

आता टोपीचा किस्सा.

पाचही मशिनं एकाच लांब वायरीवर माळेसारखी ओवलेली आहेत. त्या वायरीच्या दोन टोकांना अंगठ्याएवढं धातूचं एकेक टोपण फिरवून बसवलेलं असतं. त्यांचं इंग्रजी नाव टर्मिनेटर. एक टोपण जरी निघालं तरी पाचही मशिनं उपाशी! धोंडूदादांच्या जिभेला 'टर्मिनेटर' काही वळेना. ते त्याला 'टोपी' म्हणायला लागले. मग आई म्हणायला लागली. महिन्याभरात साठेसाहेबसुद्धा 'टोपी' म्हणायला लागले, तेही लॉजिकली न म्हणता!

एकदा भिंती रंगवायला माणसं आली. रंगारी गेले आणि त्यांच्याबरोबर सर्व्हरजवळची टोपीही गेली. डब्यात पडली की खिशात गेली, देव जाणे. सगळं बंद! साठेसाहेबांनी लगेच मुंबईच्या खरेदी विभागाला फोन लावला. लाइन खरखरत होती.

"आमची टोपी हरवलीय! हो, टोपी, टोपी! एक ताबडतोब पाठवा. सगळं काम अडलंय!"

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"साइज? साइज काय असणार, सगळ्या सारख्याच असतात. नेहमीची साइज पाठवा हो!"

दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी आली. ड्रायव्हरने मोठं खोकं आणून टेबलावर ठेवलं. साठेसाहेबांनी घाईघाईने दोरी कापली. आत पिवळंधमक सेफ्टी हेल्मेट! बरोबर चिठ्ठी, 'नेहमीची साइज, मीडियम.'

साठेसाहेबांनी चिठ्ठी उलटी करून बघितली. मग धोंडूदादांनी ते उचलून डोक्यावर ठेवलं. त्यांचं डोकं मोठं, हेल्मेट वरच बसून राहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "आता ह्ये वायरीला लावून बघू का?"

खरी टोपी मेननने आणून बसवली. हेल्मेट मात्र सेक्शनच्या कपाटावर राहिलं. साठेसाहेबांना ते झालं नाही, दोघा पाटलांना झालं नाही, मेननला तर अजिबात नाही. मीडियम डोक्याचा माणूस आमच्या ऑफिसात नव्हताच!

*

एकदा तर आईनेच घोटाळा केला. म्हणजे तिने नव्हे, तिच्या फ्लॉपीने!

सगळ्या मशिनांना सर्व्हर एकच इमेज पाठवतो. ती इमेज आधी एका फ्लॉपीवर तयार करायची आणि मग सर्व्हरवर चढवायची. साठेसाहेबांनी नवी इमेज करायला घेतली, आणि नमुना म्हणून आईची फ्लॉपी वापरली, कारण तिचं काम सर्वांत नीटनेटकं. आईने त्या फ्लॉपीत स्वतःपुरती एक ओळ घालून ठेवली होती. तिला एकटीला रोज सकाळी तेवढंच कुणीतरी बोलल्यासारखं वाटावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही मशिनं झकास उठली. टिंबं अगदी न अडखळता संपली. साठेसाहेब हात चोळत होते. एवढ्यात फोन.

स्टोअरचे पाटील. "साहेब, माझ्या मशीनचा काय तरी गैरसमज झालाय. त्याला वाटतंय, मी बाई हाय!"

मग टाइम ऑफिसचा फोन. मग अकाउंट्सचा. प्रत्येक स्क्रीनवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत एकच ओळ, 'गुड मॉर्निंग, गायकवाडबाई.'

आईचा चेहरा लाल झाला. पण खरी भीती जनरल मॅनेजरांच्या केबिनची होती. ते फारसं हसत नाहीत. शेवटी त्यांचा फोन आलाच. साठेसाहेबांनी उभं राहून तो घेतला.

"साठे," जनरल मॅनेजर म्हणाले, "मी गायकवाडबाई बोलतोय. मला आज लवकर घरी जायचं आहे. रजा मिळेल का?"

ती ओळ त्याच दिवशी काढून टाकली. पण पाटीलकाका परवापर्यंत आईला म्हणत होते, "बाई, त्या दिवसापास्नं मला कुनी गुड मॉर्निंग म्हनलंच नाय बघा."

*

आणि मग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मोठा कार्यक्रम असतो. त्याच्या तयारीसाठी आई आदल्या दिवशी रजेवर होती. म्हणून खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा झाली तेव्हा आम्ही दोघी तिथे नव्हतो. दसऱ्याला सुट्टी. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डायरेक्टर येणार!

त्या सकाळी आईने इस्त्रीची साडी नेसली होती. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिच्याकडे.

सेक्शनमध्ये शिरलो तर सगळीकडे झेंडूच्या माळा. सर्व्हरच्या कपाळाला हळदकुंकू, प्रिंटरला हळदकुंकू, टेलिफोनला, एसीला, स्टेपलरला, कपाटावरच्या पिवळ्या हेल्मेटलासुद्धा! धोंडूदादांनी एकही वस्तू सोडली नव्हती. आईने बटण दाबलं.

एकही टिंब आलं नाही.

"पाची लेकरं भोंगा काढतायत," धोंडूदादा हळूच म्हणाले. कारण टेलिफोन वाजायला लागला होता. टाइम ऑफिस, स्टोअर, अकाउंट्स. सगळी मशिनं उपाशी!

आई आणि साठेसाहेब कामाला लागले. दोघांनाही आता मशिनांचे नखरे पाठ होते. सर्व्हर जागा आहे? आहे. पैंजण? पांढरेशुभ्र. तरीही माझा खोडरबर घेऊन आईने सगळी कार्डं घासली. पाटलांचे नंबर? वेगवेगळे. टोप्या? सर्व्हरजवळची साठेसाहेबांनी हात लावून बघितली, घट्ट. स्टोअरमधली दुसरी पाटलांनी बघितली, घट्ट. वायर कुठे तुटली आहे का म्हणून आई चक्क टेबलांखालून रांगत गेली, इस्त्रीच्या साडीत. वायर अखंड होती.

"लॉजिकली..." साठेसाहेब म्हणाले, आणि पुढे त्यांना काही सुचेना. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

डायरेक्टरसाहेब बुटके, शांत गृहस्थ. बरोबर मेनन. दारावरची पाटी वाचून त्यांनी बूट काढले, आत आले, बंद मशिनं बघितली. रागावले नाहीत. त्यानेच जास्त भीती वाटली.

"चहा होईपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "मग मला पुढे जायचंय. तोवर झालं तर झालं."

आणि बाहेरच्या खोलीत येऊन ते माझ्याच स्टुलावर बसले. मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

धोंडूदादा चहा घेऊन आले. नेहमीचा कप नव्हता. कुठून तरी भला मोठा मग पैदा केला होता, काठोकाठ भरलेला, वाफा निघत होत्या. "लई कढत हाय साहेब," ते म्हणाले. "दमानं प्या. अजिबात घाई करू नका." आणि वर दोन लाडू ठेवले.

आत मेनन मीटर लावत होता. आई हात पुसत उभी होती. तिने एकदा काचेतून माझ्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. कर्जतच्या मावशीच्या घरी माझी कॉट कुठे ठेवायची, तेसुद्धा ठरलेलं होतं.

मी काय करणार होते? मला फक्त बघता येतं. म्हणून मी बघत राहिले. लाल ठिपके मोजल्यासारखी एकेका वस्तूवरून नजर फिरवत गेले. सर्व्हरला कुंकू. स्टेपलरला कुंकू. पंखा बंद पडलेला, त्यालाही कुंकू. आणि काळ्या वायरीच्या टोकाला ती चकचकीत टोपी. तिला कुंकू नव्हतं!

धोंडूदादा स्टेपलर सोडत नाहीत, ते टोपी कशी सोडतील?

डायरेक्टरसाहेबांनी मगातला चहा बशीत ओतला. बशी ओठांना लावली.

त्या ऑफिसात मी तोवर मोठ्याने एक शब्द बोलले नव्हते. धोंडूदादा मला 'मुकी मैना' म्हणतात. मी काचेचं दार उघडलं आणि म्हणाले, "धोंडूदादा, टोपीला कुंकू लावलं नाही का?"

सगळे वळून बघायला लागले. माझे कान गरम झाले. धोंडूदादांना मात्र राग आला.

"लावलं नाय म्हंजी? मी बरा इसरंन!" ते म्हणाले. "पन टोपीवर कोन कुंकू लावतं गं? दोन्हीकडं टोपी काढली, कपाळाला लावलं, नि परत टोपी घातली!"

मेननच्या हातातला मीटर खाली आला. मग आईने झेप घेतली. टोपी फिरवून काढली. आत वायरीची बारीक सोनेरी सुई असते, ती हळदकुंकवात पूर्ण बुडालेली, टोपीत कोंडून अजून ओली, लालभडक!

पुढे काय झालं ते मी नीट सांगूच शकत नाही, कारण सगळे एकदम धावले. साठेसाहेब अनवाणीच स्टोअरकडे. आई प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस आणि स्पिरिट घेऊन सर्व्हरजवळ. मेनन दाताने कापूस तोडून वात वळत होता! धोंडूदादा डायरेक्टरसाहेबांच्या समोर उभे राहून म्हणत होते, "साहेब, लाडू ऱ्हायला. लाडू खाल्ल्याबिगर जायाचं नाय."

दोन्ही टोप्या परत बसल्या. आईने बटण दाबलं.

एक टिंब. दुसरं. तिसरं. आणि मग ती रांगच धावत सुटली! टाइम ऑफिसचा फोन आला, "उठलं!" स्टोअरचा, "उठलं वो उठलं!" दोन्ही पाटील एकाच वेळी, एकाच सुरात!

डायरेक्टरसाहेब लाडू हातात घेऊनच सगळी मशिनं बघून आले. मग त्यांनी मेननला विचारलं, "फॉल्ट काय होता?"

मेनन टाय सरळ करत राहिला. शेवटी म्हणाला, "सर, माथे पे कुछ लगा था."

डायरेक्टरसाहेबांनी कापसाचा लाल बोळा बघितला, धोंडूदादांकडे बघितलं, आणि साठेसाहेबांना म्हणाले, "मशिनं इथेच राहू द्या. कपाळातला फॉल्ट मुंबईत कोण शोधणार?"

संध्याकाळी बसमध्ये आईने डोळे मिटून घेतले होते. खालापूरला उतरताना म्हणाली, "तुझी दहावीची पुस्तकं इथल्याच दुकानात सांगून ठेवू या." मी 'बरं' म्हटलं.

*

आणि हा यंदाच्या खंडेनवमीचा.

साठेसाहेबांनी या वेळी धोका पत्करला नाही. आठ दिवस आधीच त्यांनी 'बूट-चपला बाहेर काढाव्यात' या पाटीच्या खाली दुसरी पाटी लावली, 'पूजेच्या वेळी कोणीही टोपी काढू नये.' धोंडूदादांना समोर उभं करून ती त्यांनी दोनदा वाचून दाखवली.

"समजलं?"

"समजलं की, साहेब. आता टोपीला हातबी लावत नाय."

पूजेला प्रसाद घ्यायला इतर खात्यांतले लोक यायला लागले. ते दारात थांबत, पाटी वाचत, चपला काढत, दुसरी पाटी वाचत आणि घुटमळत. टाइम ऑफिसचे पाटील उघड्या डोक्याने आले होते, ते रुमाल बांधून आत शिरले. स्टोअरचे पाटील जबाबदार माणूस. त्यांनी पाटी वाचली, परत गेले आणि स्टोअरमधून हेल्मेटांचा ढीगच घेऊन आले. दारातच एकेकाला वाटायला लागले. थोड्याच वेळात आतल्या गार खोलीत वीसेक माणसं अनवाणी पायांनी आणि डोक्यावर पिवळी हेल्मेटं घालून सर्व्हरसमोर हात जोडून उभी!

साठेसाहेब आरतीचं ताट घेऊन वळले आणि बघतच राहिले.

तेवढ्यात दारात डायरेक्टरसाहेब! प्लांटच्या पूजेला आले होते, सहज डोकावले. त्यांनी बूट काढले. मग खालची पाटी वाचली. आतल्या लोकांकडे बघितलं. स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मागे फिरणार, इतक्यात धोंडूदादा स्टुलावर चढले, कपाटावरचं ते जुनं हेल्मेट काढलं, बाहीने पुसलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

साहेबांनी ते डोक्यावर ठेवलं. मीडियम. बरोब्बर बसलं!